मारिओ पळतोय: बाळीवेशीतल्या एका रेट्रोपायच्या प्रकल्प नोंदी

७ एप्रिल २०२४, रविवार

सिद्धूदादाचा पुण्याहून फोन. मेच्या पहिल्या आठवड्यात येतोय, वहिनी आणि आरोहीसकट. त्याचं मतदान अजून सोलापुरातच आहे. बोलता बोलता म्हणाला, "आपला टीव्ही गेम हाय का बे अजून? पोरीला मारिओ दाखवायचा होता." टीव्ही गेम माळ्यावर आहे, पण मरून दहा-बारा वर्षं झाली. चालू करायला गेलो तर नुसता लाल दिवासुद्धा लागत नाही. म्हटलं, त्यापेक्षा रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर रेट्रोपाय, म्हणजे जुने टीव्ही गेम खेळवणारं सॉफ्टवेअर, बसवू. महिनाभर हातात आहे.

सामान: रास्पबेरी पाय ३ मॉडेल बी, १ जीबी रॅमचा. २०१६ सालचं मॉडेल. आमच्या टॉवेलच्या ऑफिसात हजेरीच्या स्क्रीनसाठी घेतला होता, ते काम बारगळलं आणि हा ड्रॉवरमध्ये पडून राहिला. साहेबांना विचारून आणला. ६४ जीबीचं मेमरी कार्ड नवी पेठेतून नवं घेतलं. दोन यूएसबी गेमपॅड. मोबाईलचा जुना चार्जर. हॉलमधला ३२ इंची एलसीडी.

लॅपटॉपवरून कार्डावर रेट्रोपाय ४.८ ची इमेज, म्हणजे अख्ख्या सिस्टिमची तयार प्रत, लिहिली. पुढे गोंधळ होणारच, म्हणून रचना आधीच लिहून ठेवतो. यात तीन मजले आहेत. सगळ्यात वर इम्युलेशनस्टेशन, म्हणजे खेळ निवडायचा मेनू. मधे रेट्रोआर्क: चित्र, आवाज, बटणं, सेव्ह हे सगळं त्याच्याकडे. तळाला कोअर, म्हणजे एकेका जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम. बिघाड झाला की आधी मजला शोधायचा.

९ एप्रिल, मंगळवार (पाडवा)

गुढी उभारून, पुरणपोळी खाऊन बसलो. चालू केल्यावर इंद्रधनुष्यी चौकोन आला, मग मेनू. उजव्या कोपऱ्यात मात्र पिवळी वीज लुकलुकत होती. ती सजावट नाही. ५ व्होल्टचा पुरवठा ४.६३ च्या खाली गेला की पाय हे चिन्ह दाखवतो आणि स्वतःचा वेग कमी करतो. टर्मिनलवर, म्हणजे हुकूम टाइप करायच्या काळ्या पडद्यावर, विचारलं तर उत्तर आलं ०एक्स५०००५. शेवटचा ५ म्हणजे आत्ता वीज कमी आहे आणि आत्ता वेग दाबलेला आहे, पुढचा ५ म्हणजे हे चालू केल्यापासून कधीतरी झालेलं आहे.

चार्जरवर २ अँपिअर लिहिलंय, पाय ३ ला २.५ लागतो. पण मोठा चोर चार्जर नव्हता, केबल होती. दोऱ्यासारखी बारीक, दोन मीटर लांब. तोच चार्जर, जाड आणि वीतभर केबल लावली तर ती पिवळी वीज निम्मीशिम्मी गेली. पूर्ण जायला ऑफिसातला २.५ अँपिअरचा अडॅप्टर आणावा लागला. आता आकडा सरळ शून्य.

गेमपॅडची ओळख करून दिली. एक बटण दाबून धरलं की विचारत जातो: वर कुठलं, खाली कुठलं. जे बटण आपल्या पॅडवर नाही तिथं कुठलंही बटण दाबून धरलं की पुढे सरकतो. शेवटी हॉटकी विचारतो, ती सिलेक्टला दिली. हॉटकी आणि स्टार्ट एकत्र दाबलं की खेळ बंद होतो. हे घरातल्या सगळ्यांना पाठ करून घ्यायचं, नाहीतर प्लग उपटतील.

रात्री फोनवर मित्राला सांगत होतो, "पाय गरम होतोय, पण बरा आहे आता." आतून आई बाम घेऊन आली.

१३ एप्रिल, शनिवार

फाइली भरण्याचा दिवस. फाइली दादाच्या होस्टेलच्या काळातल्या हार्ड डिस्कवरच्या. सोबत काही हौशी लोकांनी जुन्या यंत्रांसाठी नव्याने लिहून मोफत दिलेले खेळ, चाचणीला. हक्काचा विषय सरळ आहे: या जुन्या खेळांवर अजून कंपन्यांचा कॉपीराइट आहे. या नोंदी वाचून कुणी माझ्याकडे फाइली मागू नयेत.

पेन ड्राइव्हची पद्धत अशी. ड्राइव्हवर 'रेट्रोपाय' नावाचा रिकामा फोल्डर करायचा, स्पेलिंग पूर्ण लहान लिपीत. तो पायला लावायचा, दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत हात लावायचा नाही. पाय स्वतः त्यात प्रत्येक यंत्राचे कप्पे तयार करतो. मग ड्राइव्ह लॅपटॉपवर नेऊन ज्या त्या कप्प्यात खेळ टाकायचे, परत पायला लावायचा, परत थांबायचं.

मी फोल्डरचं पहिलं अक्षर कॅपिटल केलं होतं. अर्धा तास काहीच होईना. लॅपटॉपवरच्या विंडोजला मोठं-लहान सारखंच, पायवरच्या लिनक्सला ही दोन वेगळी माणसं. नाव बदललं, कप्पे आले, खेळ भरले. तरी मेनूत एकही यंत्र दिसेना! इम्युलेशनस्टेशन यादी फक्त सुरू होताना वाचतं. मेनूतूनच ते रीस्टार्ट केलं आणि निन्टेन्डोचं चित्र आलं. ज्या यंत्राच्या कप्प्यात एकही खेळ नाही ते यंत्र मेनूत दिसतच नाही, तेव्हा "माझं सेगा कुठं गेलं" असं वाटलं तर आधी कप्पा बघावा.

१४ एप्रिल, रविवार

दर वेळी पेन ड्राइव्ह काढ-घाल करण्यापेक्षा वायफायवरून पाठवावं म्हणून एसएसएच, म्हणजे दुसऱ्या यंत्रावरून पायमध्ये शिरायची वाट, चालू केलं आणि लॅपटॉपवर विनएससीपी हा फाइली पाठवायचा प्रोग्राम घातला. डावीकडे माझं, उजवीकडे पायचं, मधे ओढायचं. सोपं आहे. आल्या आल्या मूळ पासवर्ड बदलला.

काल एका फोल्डरची फाटाफूट झाली होती म्हणून मी टर्मिनलवरून रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला वापरकर्ता, होऊन काही फाइली हलवल्या होत्या. त्याचं फळ आज मिळालं: त्या कप्प्यातला खेळ चालतो, पण सेव्ह होत नाही. बंद करून उघडला की पुन्हा पहिल्यापासून. कारण कप्प्याचा सातबारा रूटच्या नावावर, आणि खेळ चालवणारा 'पाय' नावाचा वापरकर्ता तिथं कूळ म्हणूनसुद्धा नाही. सेव्हची फाइल खेळाच्या शेजारीच लिहिली जाते, तिथं याला लिहायची मुभाच नव्हती. सगळ्या कप्प्याचा फेरफार करून मालकी 'पाय'च्या नावे केली. तलाठ्याकडे जावं लागलं नाही, एका ओळीत झालं.

२० एप्रिल, शनिवार

आज वैताग.

आठवडाभर संध्याकाळी थोडे थोडे खेळ भरत होतो. परवापर्यंत चाललेला एक खेळ आज उघडताच काळा पडदा दाखवून परत मेनूत आला. मग दुसरा. तिसऱ्यात चित्राचे तुकडे, आवाजाच्या जागी खरखर. आधी कोअरवर संशय घेतला, दुसरा कोअर लावून पाहिला. तेच. मग वाटलं फाइलच खराब. लॅपटॉपवर तीच फाइल दुसऱ्या एम्युलेटरमध्ये छान चालते.

म्हणून दोन्हीकडची चेकसम काढली. फाइलीतला एक बाइट जरी इकडचा तिकडे झाला तरी हा आकडा वेगळा येतो. वेगळा आला. फाइल पुन्हा पाठवली, पुन्हा काढली: जुळली. खेळ चालला. खूश होऊन चहा प्यायलो, पाय बंद करून चालू केला, पुन्हा काढली. पुन्हा वेगळी.

इथं डोकं चाललं. पाठवल्यावर लगेच वाचलेली फाइल कार्डावरून येतच नव्हती, रॅममध्ये ताजी राहिलेली प्रत मिळत होती. रीस्टार्टनंतर पाय पहिल्यांदा खरोखर कार्डाकडे गेला आणि तिथं काही नव्हतं. म्हणजे पाठवणं ठीक, फाइल ठीक, कार्ड खोटं.

कार्ड लॅपटॉपला लावून एफ-थ्री हा तपासणीचा प्रोग्राम चालवला. (अगोदर कार्डावरचं सगळं पुसावं लागतं, आणि तासनतास जातात.) तो कार्ड गच्च भरेपर्यंत ओळखीच्या मजकुराच्या एक-एक जीबीच्या फाइली लिहितो आणि मग सगळ्या परत वाचून ताडून बघतो. पहिल्या सात फाइली बरोबर. आठवीपासून पुढं सगळा कचरा. ६४ जीबीचं म्हणून विकलेलं कार्ड आत ७-८ जीबीचं. कार्डातल्या कंट्रोलर चिपला खोटं बोलायला शिकवलेलं: मी ६४ आहे असं सांगतो, लिहिलेलं सगळं 'मिळालं, मिळालं' म्हणून घेतो, आणि खरी जागा संपली की पुढचं हवेत. एररही देत नाही. एरर दिली असती तर आठवडा वाचला असता.

२१ एप्रिल, रविवार

दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "मोबाईलमध्ये चालतंय की ओ." चालेलच, पहिले सात जीबी भरेपर्यंत. वाद घालायला उन्हात अंगात बळ नव्हतं. त्याने बदलून दुसरं दिलं ते तिथंच लॅपटॉपवर तपासू का म्हटलं, तर पैसे परत दिले. दुसऱ्या ठिकाणाहून ३२ जीबीचं घेतलं, घरी आणून आधी एफ-थ्री, मगच इमेज. ३२ पुष्कळ झाले. निन्टेन्डोचे खेळ फार तर काही शेकडा केबीचे असतात, जागा खातो तो प्लेस्टेशन.

सगळं पहिल्यापासून. या वेळी सेव्ह आणि सेटिंगच्या फायलींची प्रत रोज रात्री लॅपटॉपवर ओढायची.

२८ एप्रिल, रविवार

प्लेस्टेशन. डिस्कच्या प्रती दोन फाइलींच्या असतात: मोठी बिन, तिच्यात माल, छोटी क्यू, तिच्यात ओळीभराचा मजकूर की माल अमुक नावाच्या फाइलीत आहे आणि ट्रॅक इथून सुरू. मी शहाणपणाने बिन फाइलींची नावं सुटसुटीत केली आणि क्यू तशीच ठेवली. पत्ता जुना, घर बदललेलं. क्यू नोटपॅडमध्ये उघडून नाव दुरुस्त केलं. एकीत नाव बरोबर होतं, फक्त शेवटचं बिन कॅपिटलमध्ये. पुन्हा तीच दोन वेगळी माणसं. बायोसची, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामची, फाइल बायोस नावाच्या फोल्डरात लागते, खेळाशेजारी नाही. पाऊण तासात उरकलं.

३० एप्रिल, मंगळवार

संध्याकाळी प्लेस्टेशनचा गाड्यांचा खेळ अडखळायला लागला. वीज-चिन्ह नाही, थर्मामीटरचं चिन्ह. तापमान विचारलं: ८४. पाय ८० पासून वेग उतरवायला लागतो आणि ८५ ला आणखी. बाहेर चाळिशीच्या वर ऊन, आमच्या दगडी घरात रात्री नऊलाही भिंतींना हात लावला तर ऊब येते. तरी ८४ जास्तच. शेल्फवर जाऊन पाहिलं तर पायवर घडी घातलेला टेरी नॅपकिन. आई म्हणाली, "धूळ बसत होती, झाकला." आमच्याच ऑफिसचा एक्स्पोर्ट क्वालिटी माल, पाणी शोषतो आणि उष्णता अडवतो. नॅपकिन काढला, पेटीचं झाकण काढलं, चिपवर पंधरा रुपयांचा ॲल्युमिनियमचा तुकडा चिकटवला. ६८. धूळ रविवारी पुसायची, असा आईशी करार.

४ मे, शनिवार

दादा आला. जेवणं झाली, शेंगाचटणीची पिशवी आत्ताच बॅगेत भरून झाली, मग हॉलमध्ये सगळे बसले. मारिओ लावला. दादाने पॅड हातात घेतला, दहा सेकंद खेळला, आणि पहिल्याच खड्ड्यात पडला. हसलो. पुन्हा पडला. हा माणूस एके काळी डोळे मिटून पहिली पायरी पार करायचा, शेजारची पोरं बघायला जमायची.

"हे पळतंय बे," तो म्हणाला. "गाणं बघ की. कुत्रं मागं लागल्यागत पळतंय."

मला काही पळतंय वाटलं नाही. पण मी तेव्हा चार-पाच वर्षांचा, माझ्या हातात पॅड यायचा तो वायर न जोडलेला.

रात्री तपासलं. चुकून फास्ट फॉरवर्ड लागलंय का? नाही. रेट्रोआर्कमध्ये फ्रेमचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं काढली त्याचा, आकडा पडद्यावर दाखवायची सोय आहे, तो ६०.१. निन्टेन्डोचं मूळ अमेरिकी-जपानी यंत्र सेकंदाला ६०.०९८८ फ्रेम काढतं. म्हणजे काट्यावर बरोबर. वीज कमी पडली, पाय तापला, तर खेळ हळू होईल, वेगात पळणार नाही. कुठल्याही मजल्यावर दोष सापडेना. दादाला म्हटलं, वय झालं तुझं. तो काही बोलला नाही, पण पुन्हा खेळलाही नाही.

५ मे, रविवार

सकाळपासून आरोही कर्बीज ॲडव्हेंचरला चिकटलेली. हा १९९३ चा निन्टेन्डोचा खेळ, आपोआप सेव्ह करतो. मूळ कॅसेटमध्ये छोटी बॅटरी असायची, तिच्यावर एवढीशी मेमरी जिवंत राहायची. दुपारी अडीचला लाइट गेली. आली तेव्हा तिचे तीन लेव्हल गायब. रडारड.

कारण: खेळ त्या मेमरीत लिहितो, पण रेट्रोआर्क ती मेमरी कार्डावर उतरवतो खेळ नीट बंद केल्यावरच. प्लग गेला की सगळं गेलं. सेव्हिंगच्या सेटिंगमध्ये सेव्हरॅम ऑटोसेव्हची मुदत असते, मुळात बंद. ती ६० सेकंद केली. शिवाय पाय आणि टीव्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतले. अण्णांचं म्हणणं, इन्व्हर्टर पंख्यासाठी असतो. बरोबर आहे त्यांचं. पण आरोहीसमोर बोलले नाहीत.

७ मे, मंगळवार

मतदान. सकाळी सातलाच उरकून आलो, नंतर उन्हात रांग नको. अण्णांनी दिवसभरासाठी हॉलचा एलसीडी बातम्यांना ताब्यात घेतला. आरोहीचं तोंड पडलं. मग मागच्या खोलीतला अण्णांचा जुना २१ इंची डब्याचा टीव्ही आठवला. त्याला एचडीएमआय कुठून असणार, पिवळी-पांढरी-लाल भोकं. पण पाय ३ च्या हेडफोनच्या भोकातून व्हिडिओसुद्धा निघतो. कपाटात जुन्या कॅमेऱ्याची तशी केबल होती.

लावली. पडदा काळा, स्पीकरमधून घूंऽऽ. सेटिंग फाइलीत टीव्हीचा प्रकार पाल केला, कारण मुळात तो अमेरिकेचा एनटीएससी असतो आणि आपल्याकडे रंगीत दूरदर्शन पहिल्यापासून पाल. एचडीएमआयची सक्ती केलेली ओळ काढली, ती असेल तर दुसरीकडे चित्र जात नाही. तरी काळा.

मग मल्टिमीटर काढला. या पिनेला चार कड्या असतात. पायच्या हिशोबाने टोक डावा आवाज, दुसरी उजवा, तिसरी ग्राउंड, आणि मुळाशी चौथी व्हिडिओ. मीटरचं एक टोक मुळाशी धरलं, दुसरं एकेका रंगाच्या पिनेला लावत गेलो. पिवळ्यावर गप्प. लालवर बीप. केबल दुसऱ्या क्रमाची! ग्राउंड मात्र नशिबाने तिसऱ्याच कडीवर. तेच चुकलं असतं तर केबल फेकावी लागली असती. लाल पिन टीव्हीच्या पिवळ्या भोकात घातली, पिवळी लालमध्ये, आणि चित्र आलं. गोलसर काचेवर, कडेला जरा कापलेलं, मेनूची अक्षरं वाचता येत नाहीत इतकी पुसट. पण आलं.

आरोहीने मारिओ लावला. दादा बाहेर वऱ्हांड्यात कुणाशी तरी कुठल्या गावात किती टक्के यावर बोलत होता. बोलता बोलता थांबला. दारात आला.

"हां. हे. हेच की बे!"

आवाज फाटत होता, तव्यावर फोडणी तडतडावी तसा. पण गाणं हळू झालं होतं. मलाही कळलं. दादाने पॅड घेतला आणि पहिला खड्डा, दुसरा खड्डा, झेंडा. एका दमात. आरोही त्याच्याकडे बघत राहिली.

८ मे, बुधवार

रजा टाकली. आता मोजायचंच.

मोजायची युक्ती: मारिओच्या वरच्या कोपऱ्यातलं घड्याळ खऱ्या सेकंदांवर चालत नाही, दर २४ फ्रेमला एकने उतरतं. पहिल्या पायरीच्या सुरुवातीला नुसतं उभं राहिलं तर कोणी खायला येत नाही. ४०० वरून ३०० होईपर्यंत मोबाईलचं स्टॉपवॉच लावायचं. ६० च्या चालीला २४०० फ्रेम म्हणजे ४० सेकंद, ५० च्या चालीला ४८.

हॉलचा एलसीडी: ४०. मागचा डब्बा: ४८. तीनदा केलं. आरोहीने स्टॉपवॉच धरलं, तिचा एकदा ४७ आला.

म्हणजे असं झालंय. पाल टीव्ही सेकंदाला ५० वेळा पडदा रंगवतो. रेट्रोआर्क दर फ्रेमला पडद्याची वाट बघतो, म्हणून ६० चा खेळ ५० वर अडकला. गाण्याचे सूरही दर फ्रेमला एकदा पुढे सरकतात, तेही अडकले. आवाजाचं यंत्र मात्र ६० च्या हिशोबाने माल मागतंय, मिळतो ५० चा, मधली रिकामी जागा म्हणजे ती तडतड. हा बिघाडच आहे. पण बिघाडाने दादाचा लहानपणचा वेग बरोबर पकडला. कारण आपल्याकडचा टीव्ही गेमही याच टीव्हीला, पाललाच लागायचा. तो ५० वरच चालत असणार. आत खेळ मात्र ६० साठी लिहिलेला. त्या गेमवर खेळलेल्या सगळ्यांनी मारिओ सहापैकी पाच चालीने ऐकलाय आणि कुणाला कल्पना नाही.

आता हे बिघाडाने नाही, रीतसर करायचं. निन्टेन्डोच्या एफसीईयूएमएम कोअरच्या पर्यायांत प्रदेश विचारतात. त्यात आधी पाल निवडलं. रेट्रोआर्कला पडद्याचा दर ५० सांगितला. तडतड गेली. वेग ४८. दादाला बोलावलं. ऐकून मान हलवली: "चाल बरोबर हाय. पण आवाज बसलाय. सर्दी झाल्यागत."

या माणसाचा कान! युरोपात विकलेल्या खऱ्या पाल यंत्राचा प्रोसेसर १.६६ मेगाहर्ट्झवर चालतो, अमेरिकीचा १.७९ वर. स्वराची उंची प्रोसेसरच्या घड्याळातून निघते, म्हणून पालमध्ये सगळं गाणं एका अर्ध्या सुराहून थोडं जास्तच खाली उतरतं. चाल फ्रेमवर, सूर घड्याळावर. दोन वेगळे काटे.

यादीत खाली तिसरा पर्याय होता: डेंडी. हे रशियात १९९२ च्या शेवटी आलेल्या एका नकली यंत्राचं नाव, आत तैवानी चिपा. त्या चिपा बनवणाऱ्यांनी हुशारी केली होती: चित्र ५० वर ठेवलं पालच्या टीव्हीसाठी, पण प्रोसेसर १.७७ वर ठेवला, म्हणजे अमेरिकीच्या जवळजवळ बरोबरीला. चाल हळू, सूर जागेवर.

डेंडी निवडलं, खेळ बंद करून उघडला. दादाला काही सांगितलं नाही. तो पाठमोरा आरोहीच्या वेणीला रबर लावत होता. गाणं सुरू झालं. तो वळला नाही, नुसता पायाने ताल धरला. मी लिहून घेतलं: डेंडी.

दुपारी बदकांचा बंदुकीचा खेळ मागत होता. ती बंदूक यूएसबीला लागत नाही, विषय संपला.

१० मे, शुक्रवार (अक्षय्य तृतीया)

आमरस. दादा रात्रीच्या गाडीने जाणार.

सकाळी त्याच्यासाठी दुसरं कार्ड तयार केलं, त्याच्याकडे पुण्यात पाय ४ आहे. तिथं डब्याचा टीव्ही नाही, म्हणून इथल्या एलसीडीवरच करून पाहिलं. एलसीडी ६० वर आणि खेळ ५० वर ठेवला तर दर पाचवं चित्र दोनदा दिसतं, मारिओ धावताना मागचे ढग हिसके देतात. माझ्या पाय ३ वर एचडीएमआयचा मोड १९ केला, म्हणजे ७२० रेषा, ५० हर्ट्झ. हिसके गेले. त्याच्या पायवर तोच मोड निवडायचा, असं चिठ्ठीवर लिहून कार्डाच्या डबीत घातलं. टीव्हीवर गेम मोड लावायचा, हेही. नाहीतर बटण दाबल्यावर उडी उशिरा लागते.

दुपारी सगळे झोपल्यावर दादा आणि मी माळ्यावर चढलो. टीव्ही गेम सापडला, दिवाळीच्या पणत्यांच्या खोक्याखाली. गड्ड्याच्या जत्रेतून आणलेली पिवळी कॅसेट अजून त्यात खोचलेली, तिच्यावर छापलेले लाखो खेळ, आत फिरून फिरून तेच सात-आठ. खालचे पाच स्क्रू काढले. आत एक पिवळसर बोर्ड, मधोमध काळ्या डांबराचा थेंब, त्याखाली सगळी चिप. शेजारी चकाकणारा एक चपटा क्रिस्टल, प्रोसेसरच्या घड्याळाला ठोका देणारा. त्यावरची धूळ थुंकी लावून पुसली आणि मोबाईलचा टॉर्च तिरका धरला.

२६.६०१.

अमेरिकी यंत्राचा क्रिस्टल २१.४७७ मेगाहर्ट्झचा असतो. २६.६०१ ला १५ ने भागलं की १.७७ येतं, डेंडीचाच आकडा. दादाला भागाकार मोबाईलवर करून दाखवला. म्हणाला, "मी सांगत होतो की तुला."

११ मे, शनिवार

घर शांत. टीव्ही गेम अजून टेबलावर उघडाच आहे. ९ व्होल्टचा अडॅप्टर लावून मीटर धरला: रेग्युलेटरच्या आत ९ जातात, बाहेर शून्य. ७८०५, म्हणजे तो ५ व्होल्टचा रेग्युलेटर, गेलाय, बाकी बोर्डावर काही जळालेलं दिसत नाही. सोमवारी ऑफिसातून येताना नवा आणायचा. दोन आणावेत, एक माझ्या सोल्डरिंगसाठी.